जिमखाना फी सगळ्यांची, मग मैदान कुणाचं?

डिस्क गोल्फ कॉलेजात आणावा की नाही, यावर खान्देशातल्या प्राध्यापकांमध्ये आणि क्रीडा संचालकांमध्ये जी चर्चा कानावर येते, तिच्यात दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडताहेत. समर्थक म्हणतात, जग पुढे चाललंय, उद्या हा खेळ ऑलिंपिकमध्ये येईल, अमेरिकेत 2021 साली एका खेळाडूला कंपनीने दहा वर्षांसाठी 1 कोटी डॉलरचा करार दिला, मग आपली पोरं मागे का राहावीत? विरोधक म्हणतात, कबड्डीच्या मॅटला पैसे नाहीत, क्रीडा संचालकाची जागा भरलेली नाही, त्यात हे विदेशी खूळ कशाला? एका बाजूला पदक दिसतंय, दुसऱ्या बाजूला पदकाच्या वाटेतली अडचण. ज्या मुलामुलींना कुठलंच पदक मिळणार नाही, ज्यांचं नाव कुठल्याच संघाच्या यादीत येणार नाही, त्यांच्याबद्दल दोघंही गप्प आहेत. माझं म्हणणं त्यांच्यापासून सुरू होतं. डिस्क गोल्फ आपल्या कॉलेजांत जरूर आणावा, आणि तो सर्वांना खुला क्लब म्हणून आणावा. संघ करायचाच तर क्लब दोन-तीन वर्षं नीट चालल्यावर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ठरलेल्या जागेवरून (तिला टी म्हणतात) साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीकडे प्लास्टिकची डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची, आणि कमीत कमी फेकींत डिस्क टोपलीत घालायची. एका टोपलीपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. पूर्ण कोर्स 18 होलचा, छोटा 9 चा. नवख्यांना 50 ते 70 मीटरचा होल पुरतो आणि बहुतेक होलना पार 3 असतो, म्हणजे तीन फेकींत काम व्हावं ही अपेक्षा. डिस्क साधारण 150 ते 175 ग्रॅम वजनाची. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरची कड पातळ, टोपलीजवळ वापरायच्या पटरची कड जाड. टोपलीपासून 10 मीटरच्या आत आलात की फेकून झाल्यावर तोल सावरून उभं राहायचं, झोकात पुढे जायचं नाही. जो टोपलीपासून सर्वांत लांब, त्याची फेक आधी. एवढ्यावर पहिली फेरी खेळता येते. हिरवळ लागत नाही, मैदानाला पाणी मारावं लागत नाही, आणि झाडं असली तरच खेळाला रंग येतो.

आता मूळ मुद्दा. कॉलेजात प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी जिमखाना फी भरतो. बीएच्या पहिल्या वर्षाची यावल तालुक्यातली मुलगी भरते, बीएस्सीचा शहाद्याचा मुलगा भरतो. त्या पैशातून काय होतं? क्रिकेटचे पंधरा-सोळा, कबड्डीचे बारा, खो-खोचे पंधरा, व्हॉलीबॉलचे बारा, शिवाय अॅथलेटिक्स, कुस्ती, बॅडमिंटन. मुलामुलींचे सगळे संघ धरले तरी आकडा शे-दोनशेच्या आसपास थांबतो. कॉलेजात विद्यार्थी असतात दोन-तीन हजार. म्हणजे उरलेले सगळे जण आपल्या पैशाने दुसऱ्यांचे ट्रॅकसूट शिवून देतात आणि स्नेहसंमेलनात त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात. संघावर खर्च करू नये असं मी म्हणत नाही. विद्यापीठासाठी खेळणारी मुलं मान मिळवून देतात आणि त्यांना जे मिळतं तेही अपुरंच असतं. पण ज्यांची निवड होत नाही त्यांच्या शरीराची, त्यांच्या तासाभराच्या आनंदाची जबाबदारी कॉलेजवर नाही का? बहुतेक ठिकाणी जिमखान्याचं कपाट कुलूपबंद असतं आणि किल्ली मागायला जायचं धाडस फक्त संघातल्या पोरांना असतं. या कपाटात आणखी एका खेळाचं साहित्य भरून कुलूप लावायचं असेल, तर डिस्क गोल्फ न आलेला बरा.

विरोधकांचा पहिला आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही: आहे त्या खेळांचेच हाल आहेत. मैदानाच्या कडेने पार्किंग सरकत आलंय, लांब उडीच्या खड्ड्यात वाळू नाही, खो-खोचा खांब वाकलाय. क्रीडा संचालकाचं पद वर्षानुवर्षं रिकामं असल्याने कुणातरी प्राध्यापकाच्या गळ्यात जिमखाना बांधलेला असतो. अशा वेळी नवा खेळ म्हणजे जुन्याच्या ताटातला घास काढणं, असं वाटणं साहजिक आहे. पण डिस्क गोल्फ कबड्डीपटूंना कबड्डीतून उचलून आणणार असेल तरच हा हिशेब खरा ठरतो. कबड्डी खेळणारा पोरगा दम, अंगातला जोर आणि सांघिक ईर्षा यांच्यासाठी खेळतो. तो डिस्क घेऊन झाडांमधून फिरायला येणार नाही, आणि त्याने येऊही नये. जे येतील ते आज कुठेच खेळत नाहीत.

व्हॉलीबॉलचा इतिहास इथे आठवावा. 1891 साली जेम्स नाइस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला. चारच वर्षांनी, 1895 मध्ये, जवळच्याच होलिओक गावात विल्यम मॉर्गन यांच्या लक्षात आलं की वायएमसीएत येणाऱ्या वयस्क, नोकरदार मंडळींना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही. त्यांच्यासाठी त्यांनी जाळीवरून चेंडू टोलवण्याचा खेळ बसवला. म्हणजे व्हॉलीबॉल जन्मला तोच आधीच्या खेळाबाहेर राहिलेल्यांसाठी. तो वायएमसीएमार्फत हिंदुस्थानात आला, आणि आज चोपड्यापासून नवापूरपर्यंत गावोगावी ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत दोन बांबू रोवून बांधलेली जाळी दिसते. व्हॉलीबॉलने आमच्या कबड्डीचा घास काढला, असं आज कुणी म्हणेल का?

आणि आपली कबड्डी तरी कॉलेजच्या मैदानावर आपोआप आली का? गावोगाव वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या नियमांनी चालणारा तो खेळ होता. विसाव्या शतकात कुणीतरी बसून मैदानाची मापं लिहिली, खेळाडूंची संख्या ठरवली, तेव्हा स्पर्धा शक्य झाल्या. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि आशियाई स्पर्धेत पदकांसाठी ती खेळली जायला 1990 साल उजाडावं लागलं. मधली चोपन्न वर्षं ज्या क्रीडाशिक्षकांनी तो खेळ शाळा-कॉलेजांत जिवंत ठेवला, त्यांच्यापुढे कुठला करार होता? मुलं खेळताहेत, खेळू द्या, एवढंच.

दुसरा आक्षेप विदेशीपणाचा. हा आक्षेप खान्देशात घेतला जावा याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. रावेर-यावलची केळी ज्यावर उभी आहे ते ठिबक सिंचन इस्राएलात विकसित झालेलं तंत्र आहे. बागेत जी ग्रँड नैन लावतो तीही बाहेरून आलेली जात, आणि तिची रोपं टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेतून येतात. आमच्या शेतकऱ्याने ती स्वीकारताना पासपोर्ट पाहिला नाही. पाणी किती वाचतं आणि घड किती भरतो ते पाहिलं. खेळाच्या बाबतीत तोच शहाणा माणूस एकदम स्वदेशीचा पहारेकरी का होतो? आणि होतो तर क्रिकेटच्या वेळी कुठे जातो?

याच आक्षेपाची एक पोटशाखा म्हणजे हा श्रीमंतांचा खेळ असल्याचा समज. गोल्फच्या कोर्सला जे लागतं, म्हणजे विस्तीर्ण जमीन, पाण्यावर पोसलेली हिरवळ, क्लबचं सभासदत्व, त्यातलं इथे काहीच नाही. कॅलिफोर्नियात एड हेड्रिक यांनी 1975 साली पहिला कायमचा कोर्स आखला तो ओक ग्रोव्ह नावाच्या सार्वजनिक बागेत. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साखळ्यांची टोपली त्यांनी नंतर तयार केली. फिनलंडसारख्या सुमारे 55 लाख वस्तीच्या देशात आज शेकडो कोर्स आहेत, ते गावातली शाळकरी मुलं शाळा सुटल्यावर खेळायला जाऊ शकतात म्हणून. तेव्हा धनिकपणाची भीती निराधार आहे. खर्चाची भीती मात्र पूर्ण निराधार नाही. चांगली डिस्क परदेशात साधारण 10 ते 20 डॉलरला मिळते. आपल्याकडे येईपर्यंत वाहतूक आणि कर धरून ती महाग पडते आणि जवळच्या खेळसाहित्याच्या दुकानात बहुधा मिळतच नाही. पण एका विद्यार्थ्याला सुरुवातीला एकच डिस्क पुरते, मधल्या पल्ल्याची. क्लबकडे वीस-पंचवीस डिस्क असल्या की आळीपाळीने शे-दोनशे मुलं खेळू शकतात. लेदर बॉल दोन-चार सामन्यांत उतरतो, शटल एका संध्याकाळीत पिसं टाकतं, डिस्क वर्षानुवर्षं टिकते. हरवली तरच खर्च.

टोपल्यांचं काय? स्पर्धेच्या टोपलीची कड जमिनीपासून साधारण 82 सेंटिमीटरवर असते, वर गोल कडं, त्याला टांगलेल्या साखळ्या आणि मधोमध पाइप. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत किंवा तालुक्याच्या गावी कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात हे काम होईल. ज्या भागात ट्रॅक्टरची ट्रॉली गावात बनते तिथे नऊ टोपल्या परदेशातून मागवायच्या म्हणजे लाज आहे. फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तेव्हाही एवढा मोठा सोहळा खेड्यात झेपेल का, हा प्रश्न होताच. गांधीजींच्या आग्रहावरून तिथे बांबूचं नगर उभं राहिलं, नंदलाल बोस यांनी त्याची सजावट केली, आणि जे लागलं ते आसपासच्या गावांतल्या सामानातून आणि हातांतून आलं. जिथे देशाचं अधिवेशन बांबूवर पार पडलं, तिथल्या कॉलेजला नऊ टोपल्यांसाठी अनुदानाची वाट पाहावी लागते, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो प्रमाणपत्राचा आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. खान्देशात भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे चारला रस्त्यावर धावताना दिसतात; त्यांच्यासाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेचा कागद म्हणजे घर उभं राहण्याची शक्यता असते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन वेळापत्रकात डिस्क गोल्फ नाही. मग ज्या खेळाचा कागद चालत नाही तो गरिबाच्या पोराने का खेळावा? याला माझं सरळ उत्तर असं, की नोकरीसाठी खेळायचं असेल तर त्याने डिस्क गोल्फ खेळू नये. त्याने धावावं, कुस्ती करावी, कबड्डी खेळावी. क्लबच्या पहिल्याच दिवशी हे फळ्यावर लिहून सांगावं. समर्थकांवर माझा राग आहे तो इथेच. फ्लाइंग डिस्क खेळांच्या जागतिक महासंघाला 2015 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली हे खरं, पण मान्यता म्हणजे ऑलिंपिकच्या कार्यक्रमात प्रवेश नव्हे. 1 कोटी डॉलरचा करार जगातल्या अव्वल खेळाडूला मिळाला; तो अक्कलकुव्याच्या मुलाला दाखवून त्याची दोन वर्षं घेणं हा अपराध आहे. आदिवासी मुलं धनुष्यबाणात तरबेज, शेतकऱ्याचा पोर गोफणीत तरबेज, म्हणून ती डिस्कमध्ये उपजत चमकतील, असंही कुणी बोलून दाखवतं. ऐकायला छान वाटतं. पण ज्या मुलाला आपण कधी धड बूट दिले नाहीत त्याच्या रक्तात पदक शोधायचं, हे कौतुक त्याच्या काय कामाचं?

पण प्रमाणपत्राचा आक्षेप जिथवर खरा आहे तिथवरच तो चालतो. भरतीच्या वाटेवर असलेली मुलं सोडली तर बाकीच्यांना आज कोणत्या खेळाचा कागद मिळतोय? ज्यांना कुठलाच मिळत नाही, त्यांना कागद न देणारा खेळ दिल्याने त्यांचं काय जातं? शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत योग, एनएसएस, एनसीसी यांच्या बरोबरीने क्रीडेलाही सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. बऱ्याच ठिकाणी हे श्रेयांक वहीतल्या वहीत भरले जातात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तीसेक मुलांचा गट आठवड्यातून दोनदा नऊ होल चालत खेळतो, आपला स्कोअर लिहितो, सहा महिन्यांत किती सुधारला ते दाखवतो. याहून प्रामाणिक क्रीडा-श्रेयांक कोणता?

हा खेळ खान्देशातल्या कॉलेजांसाठी विशेष का, याचं उत्तर एसटीच्या वेळापत्रकात आहे. आपल्याकडे कॉलेजातल्या निम्म्याहून जास्त मुली पास काढून खेड्यांतून येतात. सकाळी साडेसातचं कॉलेज, बाराला तास संपले की गावाच्या गाडीकडे धाव. संघांचा सराव संध्याकाळी पाचला. त्या वेळी या मुली घरी गोवऱ्या, पाणी, स्वयंपाक यांत असतात, आणि शेवटची गाडी चुकली तर घरून कॉलेजच बंद होण्याची भीती. तेव्हा संध्याकाळचं मैदान त्यांच्यासाठी नाहीच. डिस्क गोल्फला दोघी पुरतात, एकटीलाही खेळता येतो. नऊ होलची फेरी पाऊण-एक तासात होते, म्हणजे एक रिकामा तास आणि मधली सुट्टी. सलवार-कमीजवर खेळता येतं, कपडे बदलायची खोली लागत नाही, आणि मुलींसाठीची कपडे बदलायची खोली बऱ्याच कॉलेजांत नसतेच. कुणी अंगावर येत नाही, कुणी पाडत नाही. मुलं-मुली एकाच गटात चालू शकतात.

हे मी पाहिलेलं आहे. थंडीत एका कॉलेजच्या मागच्या आवारात, कडूनिंबांच्या रांगेपलीकडे एक रिकामं पिंप ठेवून आम्ही चार डिस्क मुलांच्या हाती दिल्या होत्या. शिरपूरकडच्या एका गावाहून येणारी, वर्गात मान खाली घालून बसणारी एक मुलगी बराच वेळ नुसती बघत होती. मैत्रिणीने ढकलल्यावर तिने डिस्क घेतली, अंगठा वर, चार बोटं खाली, आणि पूर्ण ताकदीने भिरकावली. डिस्कचं तोंड वर होतं, त्यामुळे ती आभाळाकडे चढली आणि डावीकडे कोसळली. दुसऱ्या खेपेला तिला सांगितलं, जोर नको. डिस्क आडवी ठेव, छातीजवळून सरळ ओढ, मनगट शेवटी सोड. डिस्क झाडांमधून सरळ गेली, वेग उतरल्यावर डावीकडे कलली आणि पिंपाच्या कडेला खणकन् लागली. वॉचमन विडी विझवून जवळ आला, ‘हाई काय शे, भो?’ म्हणाला, आणि थोड्या वेळाने तोही रांगेत उभा होता. त्या मुलीने त्या दिवशी दीडची गाडी मिळेपर्यंत डिस्क सोडली नाही. त्या कॉलेजच्या कुठल्या निवड चाचणीत ती कधी उभी राहिली असती?

सुरक्षिततेचा आक्षेप घेणाऱ्यांना मी घाबरट म्हणणार नाही. पावणेदोनशे ग्रॅमची पातळ कडेची डिस्क डोक्यात बसली तर टाके पडतील. गजबजलेल्या आवारात, सायकल स्टँडच्या शेजारी हा खेळ चालू देणं बेजबाबदारपणाचं आहे. म्हणून कोर्स वर्गखोल्यांच्या मागे, वाटांपासून दूर आखावा. एका होलची फेक दुसऱ्या होलच्या टीकडे जाऊ नये. पुढचा गट टोपलीपासून हटल्याशिवाय फेक नाही. आणि पहिलं वर्षभर पातळ कडेचे ड्रायव्हर क्लबने ठेवूच नयेत. आखूड होल ठेवले तर पाच-सहा एकरांत नऊ होल बसतात. आपल्या ग्रामीण कॉलेजांकडे जमीन आहे, पण शहराच्या मध्यात दाटीत असलेल्या कॉलेजांनी हा नाद करू नये. त्यांना जवळच्या कॉलेजचा कोर्स वापरू द्यावा.

हवामानाचीही तीच गत. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा 45 अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात कुणाला मैदानावर काढणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. पावसाळ्यात काळी माती बुटाला आणि डिस्कला सारखीच चिकटते, गाजर गवत कमरेएवढं वाढतं, त्यात डिस्क शोधायला हात घालायचा तर खाली साप नाही ना हे आधी काठीने पाहायचं. म्हणून खान्देशात या खेळाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि मार्चमध्ये फक्त सकाळ. साक्रीकडे, जिथे ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथे समोरून वारा असला की डिस्क उचलली जाते आणि पाठीमागून असला की दबते. तिथल्या मुलांना हा खेळ वेगळा शिकावा लागेल. झाडांच्या बुंध्यांनाही मार बसतो, हा पर्यावरणप्रेमींचा मुद्दा मान्य. टीसमोरच्या खोडांना गोणपाट गुंडाळावं, नवी रोपं फेकीच्या वाटेत लावू नयेत. पण दुसरी बाजूही पाहा. आवारातली जुनी झाडं पेव्हर ब्लॉकसाठी कशी जातात हे आपण बघत आलोय. ज्या निंबाला वळसा घालून पाचव्या होलची डिस्क जाते तो निंब तोडायला आल्यावर विचारणारे शंभर विद्यार्थी तरी असतील.

या खेळात सहसा पंच नसतो. गटातलेच एकमेकांचा स्कोअर लिहितात, नियमभंग झाला तर गटातलेच सांगतात, आणि चुकीचं स्कोअरकार्ड दिलं तर नियमाप्रमाणे दोन फेकींचा दंड बसतो. आपल्याकडे हे चालेल का, अशी शंका येते, आणि ती रास्त आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पंच असूनही दगड उचलले गेलेले आपण पाहिलेत. म्हणूनच मी संघाआधी क्लब म्हणतो. ढाल, गुण, नोकरी यातलं काही पणाला नसताना स्वतःचा पाचचा स्कोअर पाचच लिहायची सवय लागली, तर ती ढालीच्या वेळीही राहण्याची शक्यता आहे. पहिल्याच वर्षी ढाल ठेवली तर चार जण सराव करतील, बाकीचे पुन्हा कठड्यावर बसतील, आणि चारातलं भांडण प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाईल.

राहिला प्रश्न टिकण्याचा, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाच्या गावी 1926 साली शाळकरी मुलं डब्यांची पत्र्याची झाकणं वाळूत आखलेल्या वर्तुळांत फेकण्याचा खेळ खेळत. ‘टिन लिड गोल्फ’ म्हणत त्याला. खेळ तोच होता, मुलांना आवडतही होता. ती मुलं मोठी झाली, पांगली आणि खेळ संपला. पन्नास वर्षांनी हेड्रिक यांनी कोर्स आखला, टोपलीचा नमुना ठरवला आणि 1976 मध्ये खेळाडूंची व्यावसायिक संघटना काढली, म्हणून तो टिकला. आपल्या कॉलेजांत तर दर तीन वर्षांनी ब्लॅडवर्थ घडतं. एखादा उत्साही विद्यार्थी नाट्यमंडळ काढतो, गिर्यारोहणाचा गट काढतो, तो पदवी घेऊन पुण्याला जातो आणि मागे एक फलक उरतो. एखाद्या हौशी सरांच्या भरवशावर चाललं तर सरांची बदली होईपर्यंतच चालतं.

त्यासाठी काही गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरवाव्या लागतील. क्लबचे दोन सचिव असावेत, एक द्वितीय वर्षाचा आणि एक प्रथम वर्षाचा, त्यांतली एक मुलगी असावीच. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने पद घेऊ नये, शिकवावं. डिस्कची नोंदवही असावी, कुणी किती वाजता नेली आणि आणली ती लिहावी, आणि कपाटाची एक किल्ली सचिवांकडे असावी. हस्तांतर परीक्षेच्या गडबडीत नव्हे, फेब्रुवारीतच व्हावं. कोर्सचा नकाशा मापांसह कागदावर काढून ग्रंथालयात ठेवावा, म्हणजे टोपली चोरीला गेली तरी होल कुठे होता ते कळेल. आणि भंगारवाल्याकडे टोपल्या जाऊ नयेत म्हणून पाइप काँक्रीटमध्ये रोवावेत, हेही सांगून ठेवतो.

प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्धी नाहीत, ही तक्रार त्यानंतर फारशी उरत नाही. नियम मोफत उपलब्ध आहेत; त्यांचं सोपं मराठी करायला आपल्या मराठी विभागाला महिना पुरेल. प्रतिस्पर्धी तर कोर्सच असतो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव इथल्या कॉलेजांनी नऊपैकी तीन होल एकाच मापाचे, मोकळ्या जागेत आखले, तर एकाच आठवड्यात चारही ठिकाणी खेळून स्कोअर एकमेकांना पाठवता येतील. गाडीभाडं नाही, मुक्काम नाही, घरून परवानगी मागायला नको. वर्षातून एकदा, जानेवारीत, अमळनेरला सगळ्यांनी जमावं. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर ते मध्ये पडतं आणि दोन्हीकडची मुलं दिवसाउजेडी घरी पोचू शकतात. अशा दोन-तीन जानेवाऱ्या नीट झाल्या की विद्यापीठाकडे संघाची मागणी घेऊन जावं. अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा 2007 मध्ये सुरू झाली, तीही खेळणारे विद्यार्थी आधी कॉलेजात होते म्हणूनच.

यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती आहे. जूनमधल्या प्रवेशांआधी तिच्या बैठकीत एक विषय ठेवता येईल: जिमखाना फीतला ठरावीक हिस्सा संघात नसलेल्या विद्यार्थ्यांच्या खेळासाठी राखावा, आणि त्यातली पहिली रक्कम नऊ टोपल्या व पंचवीस डिस्क यांना द्यावी. ज्यांना डिस्क गोल्फ नकोच आहे त्यांनी त्याच बैठकीत दुसरा खेळ सुचवावा. अट एवढीच, की तो दीडच्या एसटीने गावी जाणाऱ्या मुलीला खेळता आला पाहिजे.